अकाराचा डोंगर

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून कोयासानकडे जाणारी नानकाईची गाडी निम्मा प्रवास होईपर्यंत काहीही दाखवत नाही. घरांना चिकटलेली घरं, गॅलरीत उन्हं खात पडलेल्या गाद्या, सायकलींचे तळ, पुन्हा घरं. कॅलेंडरवरचा जपान खिडकीबाहेर कुठेच नसतो. मग हाशिमोतो मागं पडतं, किनो नदी ओलांडली जाते आणि गाडीचा वेग एकदम उतरतो. रूळ डोंगराच्या अंगानं वळसे घेऊ लागतात, वळणांवर चाकं कुरकुरतात. नोव्हेंबरची सुरुवात होती. उतारांवरच्या पर्सिमॉनच्या झाडांची पानं निम्मी गळलेली आणि फळं मात्र भरगच्च, केशरी. थोड्या वेळानं बागाही संपल्या आणि सुगी सुरू झाले. सुगी म्हणजे जपानी सीडार. सरळसोट, काळसर हिरवे, इतके दाट की भर सकाळी डब्यातले दिवे उजळ वाटायला लागले.

शेवटच्या स्टेशनाचं नाव गोकुराकुबाशी, म्हणजे सुखावतीचा पूल. सुखावती हा बौद्धांचा स्वर्ग. तिथं उतरून केबल कारमध्ये बसायचं. तीनशे मीटरहून अधिक उंची ती पाच मिनिटांत चढवते. माझ्याबरोबर माझ्या थोरल्या नणंदबाई होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, गुडघे कुरकुरत असतानाही पंढरीची वारी न चुकवणाऱ्या. तिकिटं तपासणाऱ्या माणसाकडं बघून त्या म्हणाल्या, "वहिनी, स्वर्गाच्या दारातसुद्धा यांची पावती पक्की असते बघ."

वरच्या स्टेशनापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर पायी चालायला बंदी आहे, बसनंच जावं लागतं. पहिला थांबा न्योनिन्दो. रस्त्याच्या कडेला एक बुटकं, काळपट लाकडी देऊळ. बसमधल्या ध्वनिफितीनं सांगितलं, हे बायकांचं देऊळ. पूर्वी बायकांनी इथपर्यंतच यायचं. बस थांबली आणि निघाली. आम्ही दोघी मान वळवून बघत राहिलो. या देवळाकडं आम्ही नंतर परत आलो, त्यामुळं त्याचं तेव्हा.

कोया हे डोंगराच्या डोक्यावरचं एक सपाट खोरं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर, भोवती शिखरांचं कडं, आणि मध्ये एकशे सतरा देवळांचं गाव. शाळा आहे, पोस्ट आहे, अग्निशमन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, आणि दर दोन घरांआड देऊळ. हे सगळं कुकाई नावाच्या एका माणसामुळं. जन्म ७७४, शिकोकू बेटावरचा. ८०४ साली तो जहाजानं चीनला गेला. त्या काळी ती जहाजं पोचण्यापेक्षा बुडण्यासाठीच जास्त प्रसिद्ध होती. तांगांच्या राजधानीत त्यानं हुइगुओ या आचार्याकडून वज्रयानाची दीक्षा घेतली आणि प्रज्ञा नावाच्या, भारताच्या वायव्येकडून आलेल्या भिक्षूकडून संस्कृतचे धडे. हुइगुओचा गुरू अमोघवज्र, आणि अमोघवज्राचा गुरू दक्षिण भारतातून समुद्रमार्गे चीनला गेलेला वज्रबोधी. म्हणजे गुरुपरंपरा मोजली तर कुकाई आपल्यापासून तीन पायऱ्यांवर येतो. ८०६ मध्ये तो परतला, ८१६ मध्ये सम्राट सागा यानं त्याला हा डोंगर दिला. त्याच्या पंथाचं नाव शिंगोन. ८३५ साली कुकाई गेला. पण 'गेला' हा शब्द या डोंगरावर चालत नाही. तो ध्यानाला बसला आहे, अजून उठलेला नाही, एवढंच इथं म्हणतात. मी हे वाचून दाखवल्यावर नणंदबाईंना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "म्हणजे संजीवन समाधी. आळंदी," त्या म्हणाल्या आणि बॅगेतून स्वेटर काढायला लागल्या.

स्वेटरची गरज होतीच. कोयावर हॉटेलं जवळजवळ नाहीत. राहायचं ते देवळात. एकशे सतरापैकी पन्नासएक देवळं पाहुण्यांना उतरवून घेतात, या व्यवस्थेला शुकुबो म्हणतात. देवळात राहायचं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर धर्मशाळा येते आणि धर्मशाळेचा दर. तो समज दारातच सोडावा. शुकुबो चांगलं महाग असतं. पैशाच्या बदल्यात मिळते ती तातामीच्या चटयांची खोली, कागदी सरकती दारं, दारांच्या पलीकडं काचेआडची छोटी बाग आणि कागदातून आरपार येणारी थंडी. खोलीच्या मधोमध कोतात्सू होतं. बुटकं टेबल, त्याखाली विजेची शेगडी, वरून दुलई. पाय आत घालून बसलं की कमरेखाली चैत्र आणि कमरेवर पौष. नणंदबाईंनी तिथंच बैठक मारली आणि अंघोळीचं नाव काढलं नाही. सामायिक स्नानगृहात सगळ्या बायकांनी एका हौदात, तेही कपड्यांवाचून, हे कळल्यावर तर त्यांनी दुलई गळ्यापर्यंत ओढली. मी गेले. कढत पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या चारपाच अनोळखी बायका एकमेकींकडं अजिबात न बघता इतक्या निवांत असू शकतात, हे बघण्यासारखं होतं, म्हणजे न बघण्यासारखं होतं.

जेवण साडेपाचला. या जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जपानात हिंडणाऱ्या शाकाहारी माणसाची खरी परवड काय असते ते तिथं गेल्यावरच कळतं. भाजीचं सूप मागवावं, तर ते दाशीवर उकळलेलं असतं आणि दाशीत वाळवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे असतात. पालक मागवावा, तर त्यावर तेच पापुद्रे भुरभुरवलेले. मासा त्यांच्या लेखी मिठासारखा, जमेस धरायचा नाही. कोयावर मात्र देवळांचं शोजिन ऱ्योरी, म्हणजे भिक्षूंचा स्वयंपाक. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. इथली दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि सुक्या शिइताके अळंब्यांची. एक तरुण भिक्षू लाल लाखेचे पाय असलेले बुटके चौरंग घेऊन आला आणि आमच्यापुढं मांडून पळाला. पळाला हे अक्षरशः. या लोकांना संध्याकाळी फार कामं असतात.

चौरंगावर गोमादोफू होतं. तिळाचं दूध कुडझूच्या कंदाच्या पिठात घोटून घोटून थापलेली वडी. दिसायला आणि तोंडात विरघळण्यात थेट आपला खरवस, फक्त गोडाऐवजी वर सोया सॉसचा थेंब आणि वासाबीची टिकली. आणि कोयादोफू. हा शोध थंडीचा. हिवाळ्यात बाहेर राहिलेलं टोफू गोठलं, ते वाळवलं, पुन्हा पाण्यात घातलं तर जाळीदार झालं आणि रस्सा पिऊन फुगलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. गोडसर रश्श्यातला तो तुकडा चावला की तोंडात पाझरतो. शिवाय भाज्यांचा तेम्पुरा, एक चिमूट लोणचं, मिसो, भात. प्रत्येक वाटीत दोन घास. नणंदबाईंनी सगळ्या वाट्या संपवल्या आणि भाताच्या लाकडी पिंपाकडं बघून म्हणाल्या, "चव आहे, पण वरण असतं तर जेवल्यासारखं झालं असतं." शेजारच्या खोलीतल्या जपानी कुटुंबाकडं गरम साके गेली. देवळात दारू कशी, तर भिक्षूंनी तिला फार पूर्वीच प्रज्ञेचं पाणी असं नाव ठेवून सोय करून ठेवली आहे. संन्याशांची विनोदबुद्धी सगळ्या देशांत सारखीच.

पहाटे सहाला पूजा. गाभारा अंधारा, सोन्याच्या झुंबरांवर दोनतीन समयांचा उजेड. दोन भिक्षूंनी खालच्या पट्टीत पठण सुरू केलं. शब्द चिनी उच्चारांतून जपानीत गेलेले, त्यामुळं काही ओळखू येण्याची शक्यता नव्हती, तरी अधूनमधून एक 'सोवाका' कानावर यायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा नणंदबाईंनी मला कोपर मारलं. स्वाहा. पुढच्या दालनात तर शंकेला जागाच उरली नाही. चौकोनी कुंड, चारी बाजूंना दोऱ्या, उजव्या हाताला समिधांची रास, डाव्या हाताला पळी, तेल आणि धान्य. याला ते गोमा म्हणतात, म्हणजे आपला होम. आचार्य समिधा रचत होता, मागं ढोल वाढत होता, आणि ज्वाळा छताजवळ पोचल्या तेव्हा समोरच्या काळ्या मूर्तीचा चेहरा दिसला. सुळे, तलवार, पाश. फुदो म्योओ. संस्कृतात अचल.

आता हा अचल, हा होम, ही मंडलं महाराष्ट्रातल्या माणसाला परकी वाटायचं खरं तर कारण नाही. वेरूळचं बारा नंबरचं लेणं, तीन ताल, आठव्या शतकाच्या आसपासचं. तिथं भिंतीवर नऊ चौकटींचं एक मंडल कोरलेलं आहे, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. कुकाई चीनला गेला त्याच्या थोडंच आधी आपल्याकडचे पाथरवट तेच दैवतमंडळ बसाल्टमध्ये उतरवत होते. पुढं आपल्याकडं कातळ राहिला आणि पूजा उठली. लेण्यात आता वटवाघळं आणि शाळेच्या सहली. इथं उलट झालं. कोयाच्या मधोमध दांजो गारान नावाचं प्रांगण आहे, कुकाईनं पहिल्यांदा आखलेलं. तिथला कोन्पोन दाइतो हा प्रचंड शेंदरी स्तूपमनोरा, ४८.५ मीटर उंच, १८४३ च्या आगीत जळला. त्याआधीही विजा पडून कितीदा जळला होता. आज उभा आहे तो १९३७ चा, आणि आतून चक्क सिमेंट-काँक्रीटचा. पुरातत्त्वाची आवड असलेला कुणी आपल्याकडचा माणूस इथं आला तर त्याचा विरसच व्हावा. पण आत शिरल्यावर मध्ये महावैरोचन, भोवती चार बुद्ध आणि सोळा खांबांवर सोळा बोधिसत्त्व रंगवलेले. म्हणजे आपण मंडलाच्या चित्रासमोर उभे नसतो, त्याच्या आत उभे असतो. जळलं की पुन्हा बांधायचं, मिळेल त्या साहित्यानं, पण दैवतं आपापल्या जागीच बसली पाहिजेत, असा इथला हिशेब. मला तो पटला. आपण दगडाच्या भरवशावर राहिलो असं तिथं उभं राहून वाटलं, आणि तसं वाटणं वेरूळच्या पाथरवटांवर अन्याय करणारं आहे हेही कळत होतं. कारण दगड नसता तर आज ते मंडल तिथं होतं याचा पत्ता तरी कुणाला लागला असता?

ओकुनोइनला आम्ही दोनदा गेलो, एकदा दिवसा आणि एकदा तिन्हीसांजेला. हे कोयाचं स्मशान. पहिल्या पुलापासून कुकाईच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटरची फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी आणि त्यांच्या बुंध्यांमधून दोन लाखांहून अधिक समाध्या. पुढच्या काळी मैत्रेय बुद्ध येईल तेव्हा कुकाई ध्यानातून उठेल, आणि त्या वेळी आपण जवळ असावं, म्हणून सगळ्यांना इथंच पुरून घ्यायचं. अस्थी नाहीत तर केस, केस नाहीत तर निदान नाव. शेवाळ इतकं जाड की बऱ्याच दगडांच्या कडा बोथट झाल्यात. लाल लाळेरी बांधलेले जिझो, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, झाडांच्या ढोलीतसुद्धा बसवलेले. गेलेल्या लेकरांचा तो सांभाळ करतो म्हणून आयांनी त्याला लाळेरी बांधायची.

यातल्या बहुतेक जुन्या समाध्या एकाच आकाराच्या. पाच दगड एकावर एक. खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर त्रिकोणी छप्पर, त्यावर अर्धगोल आणि टोकाला मण्यासारखा दगड. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आपण मराठीत माणूस पंचत्वात विलीन झाला म्हणतो, इथं त्याला पंचत्वातच उभा करून ठेवलाय. आणि प्रत्येक दगडावर एक अक्षर. ते चिनी नव्हे, जपानीही नव्हे. पहिल्या दगडापाशी मी उगाच रेंगाळले, दुसऱ्यापाशी वाकून बघितलं, आणि तिसऱ्यापाशी खालचं अक्षर लागलं. अ. वर व. त्याच्यावर र. मग ह, आणि अगदी वर ख. लिपी सिद्धम, आपल्या नागरीची जुनी नातलग. आपल्याकडच्या तंत्रग्रंथांत पंचमहाभूतांची बीजं लं, वं, रं, यं, हं अशी येतात. यांची थोडी निराळी, पण मधली दोन जुळतात. एकदा डोळ्यांना सवय झाल्यावर त्या जंगलात जिकडं तिकडं आपलीच मुळाक्षरं दिसायला लागली. सरदारांच्या छातीवर अ, व्यापाऱ्यांच्या छातीवर अ. आज जपानी पोर शाळेत मुळाक्षरं घोकतं ती अ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी. हा क्रमही सिद्धमच्या अभ्यासातूनच त्यांच्याकडं रुजला.

शिंगोन पंथात ध्यानाचा एक प्रकारच या अक्षरावर आहे. भिंतीवर टांगलेलं चित्र, पांढऱ्या चंद्रबिंबात कमळ आणि कमळावर सोनेरी अ. त्याच्यासमोर बसायचं, श्वास सोडताना हळू अ म्हणायचं आणि सगळ्या वस्तूंचा आरंभ तिथं आहे असं धरून चालायचं. कोंगोबुजी या मुख्य मठात बाहेरच्यांनाही ते शिकवतात. मांडी घालून बसायची सवय असल्यामुळं आम्ही दोघी वर्गात एकदम हुशार ठरलो. युरोपातून आलेल्या मंडळींच्या गुडघ्यांचे फार हाल चालले होते. बाहेर आल्यावर नणंदबाईंनी ज्ञानेश्वरीचं मंगलाचरण काढलं, त्यात अकार म्हणजे गणेशाचे पाय, हे त्यांना ध्यानात बसल्याबसल्या सारखं आठवत होतं. ध्यान लागायच्या दृष्टीनं ते बरं की वाईट, हे मी विचारलं नाही.

पण ओकुनोइनचं स्मशान एवढं गंभीर नाही. बसच्या थांब्याकडच्या नव्या भागात कंपन्यांच्या समाध्या आहेत. पॅनासॉनिक आहे, निस्सान आहे. कामावर असताना गेलेल्या नोकरांसाठी कंपनीनं बांधलेल्या. एका विमानं बनवणाऱ्या कंपनीनं चंद्रावर गेलेल्या अपोलोसारखं रॉकेटच उभं केलंय. एका कॉफीवाल्यांची समाधी कपबशीची. बऱ्याच ठिकाणी व्हिजिटिंग कार्ड टाकायला छोटी दगडी पेटी, म्हणजे कोण येऊन नमस्कार करून गेलं त्याची नोंद राहते. या सगळ्यांत मला मनापासून आवडली ती वाळवीची समाधी. वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेनं मारलेल्या वाळवीसाठी ती बांधली आहे. मी हसले. नणंदबाई हसल्या नाहीत, त्यांनी हात जोडले. मग मलाही जोडावे लागले.

जुन्या भागात वैरी शेजारी राहतात. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर. ओदा नोबुनागानं १५८१ मध्ये कोयावर फौज घातली होती. पुढच्याच वर्षी त्याचा सरदार आकेची मित्सुहिदे यानं दगा केला आणि नोबुनागाचा शेवट झाला. आता दोघंही याच झाडीत. ज्यानं डोंगर जाळायला काढला त्यालाही डोंगरानं जागा दिली. आणि या दोन लाखांत सगळ्यात उंच समाधी कुणाची, तर एका बाईची. तोकुगावा घराण्यातला दुसरा शोगुन हिदेतादा याची बायको ओएयो. मुलानं आईसाठी बांधलेला साडेसहा मीटरचा पाचथरी दगड. हे वाचताना न्योनिन्दोचं काळपट देऊळ पुन्हा डोळ्यांपुढं आलं. ओएयो जिवंतपणी या वाटेवर पाय ठेवू शकली नसती.

तिसऱ्या पुलापलीकडं टोपी काढायची, फोटो काढायचे नाहीत. पुढं दिव्यांचं दालन, छतापासून दहा हजारांवर कंदील लटकलेले. त्यातला एक अकराव्या शतकापासून तेवतो आहे असं सांगतात. ओतेरू नावाच्या गरीब पोरीनं आईबापांसाठी केस विकून तो लावला. दालनाच्या मागं कुकाईची समाधी. त्याला रोज दोनदा जेवण जातं, पहाटे सहाला आणि साडेदहाला. साडेदहाचं आम्ही पाहिलं. पिवळ्या वस्त्रांतले दोन भिक्षू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन, पुढं एक वडीलधारा. वाटेत चव बघणाऱ्या जिझोपुढं पेटी क्षणभर ठेवायची, त्यानं चाखली की पुढं. आत वाढतो तो एकच भिक्षू, आणि आत काय दिसतं ते तो कधीच कुणाला सांगत नाही. दर वर्षी नवी वस्त्रंही आत जातात. बारा शतकं हा डबा चुकलेला नाही असं मानतात. मी नैवेद्य पुष्कळ पाहिलेत. देवाला दाखवून झाला की आपण पानं घेतो. इथं चालताना त्या दोघांची पावलं बघून वाटत होतं की जेवण वेळेत पोचायला हवं, कारण कुणीतरी खरंच जेवायचं थांबलंय.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. वाकायामा प्रांताशी महाराष्ट्र सरकारनं २०१३ साली करार केला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते या पुतळ्याचं अनावरण झालं. कोटाच्या खिशाला पेन, नेहमीचेच बाबासाहेब, फक्त मागं सुगीचं जंगल. वज्रयान, मंत्र, होम यांच्याशी नागपूरच्या धम्माचं फारसं जमण्यासारखं नाही, हे बाबासाहेबांचं लिहिणं चाळलेल्या कुणालाही ठाऊक असेल. कर्मकांड त्यांनी निवडून बाजूला काढलं होतं. तरीही त्या गावात तो पुतळा मला जागच्या जागी वाटला. देवळाच्या दाराबाहेर कुणाला आणि का उभं केलं जातं, हा प्रश्न विचारणारा एक माणूस तिथं हवाच होता.

कारण न्योनिन्दो. कोयावर येणाऱ्या सात वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बायकांसाठी एकेक देऊळ. तिथवर यायचं, रात्र काढायची, नमस्कार करायचा. उरलं आहे ते बसच्या रस्त्यावरचं एकच. कुकाईची स्वतःची आईसुद्धा डोंगराच्या पायथ्याशी कुदोयामा गावात राहिली, तो महिन्यातून नऊदा उतरून तिला भेटायला यायचा अशी आख्यायिका. मेइजी सरकारनं १८७२ मध्ये ही बंदी उठवली. भिक्षूंनी ती आणखी काही दशकं चालू ठेवली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. रोजचा डबा न चुकवणारी चिकाटी इथंही तीच. आपणही नाकं मुरडू नयेत. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईला चढायला २०१६ उजाडावं लागलं.

आत येता येत नाही म्हटल्यावर बायकांनी काय केलं, तर या सातही देवळांना जोडणारी वाट डोंगरकड्यावरून पाडली आणि कोयाला बाहेरून प्रदक्षिणा घालायला लागल्या. ती न्योनिन वाट अजून आहे. आम्ही तिच्या एका तुकड्यावर चाललो. कोयाच्या सगळ्या दिवसांत निसर्ग म्हणून जे पाहायचं ते तिथं पाहिलं. गावातले मेपल लाल झालेले, पण तिथं फोटोवाल्यांची गर्दी. वर कुणी नाही. पायांखाली सुगीच्या वाळक्या काड्यांचा थर, काठी टेकली की आत रुतते. मध्येच झाडी विरळ होते आणि किई पर्वताच्या रांगांमागून रांगा दिसतात, जवळची काळी, मागची निळी, त्यामागची राखाडी, घर नाही, मनोरा नाही, काही नाही. हवेत लाकडाचा ओला, तिखट वास. चढ मात्र अवघड. नणंदबाई दर वळणावर थांबत होत्या आणि थांबल्या की पाठ डोंगराला आणि तोंड गावाकडं करत होत्या. एका खिंडीत पाटी होती. पूर्वी बायका इथं उभ्या राहून, माना ताणताणून, झाडांमधून देवळांची छपरं दिसतात का ते बघायच्या. आम्हीही ताणल्या. आता झाडं वाढलीत, काही दिसत नाही.

पाटीशेजारी एक जपानी बाई घोटघोट चहा पीत बसल्या होत्या. पांढरा अंगरखा, हातात तीर्थयात्रेची काठी. शिकोकूची अठ्ठ्याऐंशी देवळं पायी करून झाली की कोयावर येऊन कुकाईला तसं सांगायचं असतं, त्यासाठी आलेल्या. त्यांचं इंग्रजी आणि आमचं जपानी मिळून काम भागत होतं. नणंदबाईंनी त्यांना वारीची माहिती दिली, दिंडीतल्या तंबूंचं भाडंही सांगितलं. मग त्या बाईंनी समोरच्या रांगांकडं बोट केलं. तिकडं, पूर्वेला, नाराच्या बाजूला, ओमिने. कोया आणि ओमिने २००४ साली एकाच यादीत जागतिक वारसा झाले. ओमिनेच्या सांजोगाताके शिखरावर बायकांना आजही बंदी आहे. वाटेवर लाकडी कमान आहे आणि तिच्यावर तसं इंग्रजीतसुद्धा लिहिलेलं आहे.

"आजही?" नणंदबाईंनी विचारलं. त्या बाईंनी मान डोलावली.

"तिथं कडेकडेनं चालायची वाट आहे का?"

ते मला भाषांतर करून विचारता येईना. मी हातानं डोंगर काढला, भोवती फेरी काढली. बाई हसल्या, त्यांनी खांदे उडवले आणि चहाचा थर्मास आमच्यापुढं केला. नणंदबाईंनी एका हातानं कप घेतला, दुसऱ्या हातानं माझ्या पिशवीतून नकाशा ओढून काढला आणि चष्मा पुसत ओमिने कुठं सापडतंय ते बघायला लागल्या.